कुत्र्याने कच्चं मांस खाल्लं तर नेमकं काय करायचं?

शेपूटवाली

नमस्कार मंडळी. आमची लॅब्रॅडोर, वय चारच्या आसपास, वजन सत्तावीस किलो. थोड्या वेळापूर्वी तिने ओट्यावर ठेवलेलं कच्चं चिकन पिशवीसकट खाली ओढलं आणि आम्ही पोचेपर्यंत साफ केलं. हाडं होतीच. मीठ-मसाला काही लावलेला नव्हता. पिशवी फाटलेली सापडली, पण सगळे तुकडे आहेत की काही पोटात गेले ते कळत नाही.

ती आत्ता अगदी मजेत आहे, शेपूट हलवतेय, आणखी मिळेल का म्हणून ओट्याकडे बघतेय. घाबरलोय ते आम्हीच. उलटी करवावी का? रात्रीचं जेवण द्यावं का? किती वेळ लक्ष ठेवायचं? घरात रांगणारं बाळ आहे आणि सासूबाईंची केमो चालू आहे, त्यामुळे तीही काळजी आहे. कुणाला अनुभव असेल तर पटकन सांगा.

रानवाटा

ताई, आधी श्वास घ्या. धडधाकट मोठ्या कुत्र्याने एकदा कच्चं चिकन खाल्लं तर बहुतेक वेळा काहीही होत नाही. फार तर एक-दोनदा पातळ शी होते. आमच्याकडे हे घडून गेलंय. बाकी डॉक्टर मंडळी सांगतीलच.

पाणवठा

मिठाचं पाणी पाजा, लगेच उलटी होईल. गावाकडे हेच करायचे.

पशुवैद्य_मी

पाणवठा, तुम्ही चांगल्या मनाने सांगितलंत, पण मिठाचं पाणी अजिबात पाजू नका. शेपूटवाली, हे आधी वाचा.

उलटी झाली नाही तर ते मीठ अंगात मुरतं आणि रक्तातलं सोडियम चढतं. मग थरथर, झटके, मेंदूला सूज. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ४ ग्रॅम मीठ जीवघेणं ठरू शकतं, आणि लहान कुत्र्याच्या बाबतीत तेवढं मीठ म्हणजे काही फार नव्हे. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, घशात बोटं घालणंही नको. आणि या प्रसंगात मुळात उलटी करवून फायदाच नाही. जिवाणू पोटात गेलेत, ते उलटीने सगळे बाहेर येत नाहीत. उलट हाडाचा टोकदार तुकडा परत वर येताना अन्ननलिकेला इजा करू शकतो.

आता क्रमाने सांगतो.

पहिलं काम पिशवीचं. फाटलेले तुकडे जमिनीवर पसरा आणि जोडून बघा, म्हणजे किती भाग गायब आहे ते कळेल. नखाएवढे तुकडे सहसा शीवाटे निघून जातात. पण तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा भाग गायब असेल, किंवा मांसाखाली रक्त शोषून घेणारी जाडसर गादी होती आणि ती सापडत नसेल, तर आत्ताच फोन करून डॉक्टरांकडे जा. ती गादी पोटात फुगते आणि आतड्यात अडकते. पहिल्या दोनेक तासांत इंजेक्शनने उलटी करवायची की नाही, हे दवाखान्यात तपासून ठरवता येतं. मांस बांधलेली सुतळी किंवा लाकडी काडी गेली असेल तरी हेच. कच्च्या मांसाच्या निम्म्याअधिक केसेसमध्ये मला मांसाची चिंता नसतेच, त्याच्याबरोबर काय गेलं याची असते.

दुसरं, हाडं. कच्चं हाड शिजवलेल्यापेक्षा लवचीक असतं, त्याच्या तेवढ्या टोकदार चिरफळ्या होत नाहीत. कोंबडीची हाडं पोटातल्या आम्लात बऱ्यापैकी विरघळतातही. तरी धोका शून्य नाही. घशाशी अडकलं तर लगेच कळतं: लाळ गळते, कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो, गिळता येत नाही. आतड्यात अडकलं तर कळायला दोन-तीन दिवसही लागू शकतात. हाडावर गुंडाळलं जावं म्हणून ब्रेड किंवा भात कोंबायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. त्यावर विसंबू नका.

तिसरं, जेवण. आत्ता पोट भरलेलंच आहे, तेव्हा रात्रीचं जेवण नाही दिलंत तरी चालेल. मोठ्या कुत्र्याचं एक जेवण चुकल्याने बिघडत नाही. पिल्लू, अगदी छोट्या जातीचा कुत्रा किंवा मधुमेही कुत्रा असता तर मी हे सांगितलं नसतं. पाणी मात्र कायम समोर हवं. उद्या सकाळी नेहमीच्या निम्मं द्या. पोट बिघडलंच तर दोन-तीन दिवस उकडलेलं, कातडी काढलेलं चिकन आणि मऊ भात, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. मसाला, मीठ, तेल काही नाही.

चौथं, आज पळापळ नको. मोठ्या जातीच्या कुत्र्याने पोट तुडुंब भरून खाल्लं की पोट फुगून पिळा बसण्याचा धोका असतो. पोट ढोलासारखं ताणलंय, कुत्रा सारखे उमासे काढतोय पण बाहेर काहीच पडत नाही, अस्वस्थ येरझारा घालतोय, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, मध्यरात्र असली तरी निघायचं. यात तासातासाने जिवाचा धोका वाढतो.

शेपूटवाली

डॉक्टर, खूप खूप आभार. पिशवीचे तुकडे जोडून बघितले. एक कोपरा नाहीये, बोटाच्या पेराएवढा. गादी वगैरे काही नव्हती. मग घरीच लक्ष ठेवू ना? आणि नेमकं काय बघायचं?

पशुवैद्य_मी

हो, मग घरीच थांबा. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय या मांसातल्या जिवाणूंचा त्रास व्हायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत दिसतो, क्वचित आठवड्यापर्यंत लांबतो.

एखादी उलटी, एखादी पातळ शी, आणि कुत्रं खेळतंय, पाणी पितंय: घरी थांबा. पण पुढचं काहीही दिसलं तर दवाखाना. पाण्याचा घोटही पोटात टिकत नाही. शीत किंवा उलटीत रक्त. शी डांबरासारखी काळी. एक दिवसाहून जास्त चाललेले जुलाब. पोटाला हात लावू देत नाही. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवते, जणू आळस देतेय, पण तशीच राहते (ही पोटदुखीची खूण, स्वादुपिंडाला सूज आली की फार दिसते, आणि चरबीचं मांस भरपूर खाल्लं की ती सूज येऊ शकते). मलूल पडून राहते, हाक मारली तरी उठत नाही.

अंगातलं पाणी कमी झालंय का, हे घरी बघता येतं. ओठ वर करून हिरडीला बोट लावा. ओली, गुळगुळीत हवी. चिकट कोरडी लागली तर पाणी कमी पडतंय. हिरडी दाबून सोडली की पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. ताप फक्त गुदद्वारातल्या थर्मामीटरनेच खरा कळतो, नाक गरम की गार यावरून काही ठरत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस असतं, म्हणजे १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. माणसाचा आकडा डोक्यात ठेवून घाबरू नका. ४० सेल्सिअसच्या वर गेलं तर मात्र या.

आणि घरातल्या डब्यातली कुठलीही गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी जाते. जुलाब थांबवायची लोपेरामाइडसुद्धा नको. संसर्ग असेल तर ती घाण आतच कोंडते, आणि कोली व त्या कुळातल्या काही कुत्र्यांना जनुकीय दोषामुळे ती मेंदूपर्यंत पोचून विषासारखी बाधते. उरलेली अँटिबायोटिकही नको. साध्या जुलाबाला ती सहसा लागत नाही.

कोरा_कागद

मला एक कळत नाही. कुत्रा हा लांडग्याचा वंशज. लांडगे कच्चंच खातात. आमच्या कुत्र्याला गेली काही वर्षं कच्चाच आहार आहे, तुकतुकीत केस, दात पांढरेशुभ्र. मग एवढी भीती कशाला?

पशुवैद्य_मी

तुमचा कुत्रा ठणठणीत आहे याचा आनंदच आहे. कुत्र्याचं रिकामं पोट खूप आम्लयुक्त असतं, त्यामुळे बरेच जिवाणू तिथेच मरतात, हेही खरं. पण लांडग्याशी तुलना मला पटत नाही. २०१३ साली कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्यावर आणि चुलीपाशी राहून कुत्र्याचं शरीर बदललंय. शिवाय जंगलातला लांडगा ताजी शिकार खातो. आपल्याकडे पोचलेलं मांस कत्तल, वाहतूक, साठवण, कापणी अशा अनेक हातांतून येतं आणि प्रत्येक टप्प्यावर त्यात जिवाणू वाढायला वाव असतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा आजार करणारा जिवाणू निघाला. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने २०१२ पासून कच्च्या आहाराच्या विरोधात भूमिका घेतलीय, ती अशाच पुराव्यांवर.

एक आजार मुद्दाम सांगतो, कारण तो पोटाचा नाही म्हणून लोक जोडच लावत नाहीत. मेलबर्न विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी २०१८ मध्ये अचानक पायातली ताकद गेलेल्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कच्चं चिकन खाण्याशी, विशेषतः कोंबडीच्या मानांशी, त्याचा ठळक संबंध निघाला. कॅम्पिलोबॅक्टरशी लढताना कुत्र्याची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, असा अंदाज आहे. माणसातल्या गियाँ-बारे या नसांच्या आजारासारखं. मागचे पाय लटपटायला लागतात, मग पुढचे, भुंकण्याचा आवाज बदलतो. बहुतेक कुत्रे बरे होतात, पण कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, आणि तोवर त्यांना उचलून फिरवावं लागतं. दुर्मीळ आहे, शेपूटवालींनी झोप उडवून घेऊ नये. पण रोज कच्च्या माना घालणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं.

कोरा_कागद

हा पायांचा आजार ऐकला नव्हता. माना बंद करतो. बाकी मांस फ्रीझरमध्ये ठेवून मगच देतो, त्याने जंतू मरतात ना?

पशुवैद्य_मी

जिवाणू मरत नाहीत, फक्त थिजतात. बाहेर काढलं की पुन्हा वाढायला लागतात. काही कृमी मात्र मरतात: डुकराच्या मांसातला ट्रायकिनेला १५ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचे तुकडे उणे १५ अंशांवर वीस दिवस ठेवले की मरतो. पण डुकराचं कच्चं मांस मी कुत्र्याला कुठल्याच परिस्थितीत देऊ नका म्हणतो, कारण त्यात आउजेस्कीचा विषाणू असू शकतो. बऱ्याच देशांनी पाळीव डुकरांतून तो हटवलाय, रानडुकरांत अजून सापडतो. कुत्र्याला झाला तर वेडीपिशी खाज सुटते आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू. उपाय नाही.

उनाडपाऊस

मसाला लावून ठेवलेलं कच्चं मांस खाल्लं तर? आमच्या स्पिट्झने एकदा आलं-लसूण-कांदा लावलेलं पळवलं होतं.

पशुवैद्य_मी

हा वेगळा आणि जास्त गंभीर प्रसंग. कांदा-लसणामुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी गेला तर विषबाधा होते असं धरतात. म्हणजे सहा किलोच्या स्पिट्झला ३० ग्रॅम, एक छोटा कांदा. लसूण त्याहून तेज. शिजवलं, वाळवलं, पूड केली तरी गुण जात नाही, पुडीत तर जास्त एकवटलेला असतो. फसवणारी गोष्ट अशी की त्या दिवशी कुत्रा ठीक दिसतो. फिकट हिरड्या, धाप, लालसर-तपकिरी लघवी हे तीन ते पाच दिवसांनी दिसतं. म्हणून मसाला किती होता याचा अंदाज घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. इथे मात्र लवकर उलटी करवण्याचा उपयोग होतो, दवाखान्यात.

रानवाटा

रस्त्यावर पडलेला मांसाचा तुकडा खाल्ला तर त्याबद्दलही लिहा डॉक्टर. माझ्या मते सगळ्यात भीती त्याची. घरातलं मांस काय होतं हे आपल्याला माहीत असतं. बाहेरच्यात कुणी काय घातलं असेल, सांगता येत नाही.

पशुवैद्य_मी

अगदी बरोबर. बेवारस पडलेलं मांस हे विष समजूनच वागायचं. कीटकनाशक असेल तर मिनिटांपासून तासाभरात लाळ, थरथर, बारीक झालेल्या बाहुल्या, झटके. थेट दवाखाना, उरलेला तुकडा पिशवीत घालून बरोबर न्या, हाताने धरू नका. उंदराचं विष मात्र कपटी. रक्त गोठू न देणाऱ्या जातीचं असेल तर तीन ते पाच दिवस काहीच दिसत नाही आणि मग आत रक्तस्राव सुरू होतो. त्याला व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे आणि वेळेत सुरू केला तर कुत्रा वाचतो. तेव्हा शंका असेल तर लक्षणांची वाट बघू नका.

मेलेले पक्षीही तोंडात घेऊ देऊ नका. २०२३ मध्ये कॅनडात एका पाळीव कुत्र्याने रानहंस चावला आणि एच५एन१ बर्ड फ्लूने तो गेला. मांजरं तर या विषाणूला जास्तच बळी पडतात, घरात मांजर असेल तर कच्चं पोल्ट्री मांस तिच्यापासून लांबच.

शेपूटवाली

इथे एक नोंद: रात्र शांत गेली, सकाळी शी थोडी मऊ होती, रक्त नाही. पिशवीचा कोपराही त्यात दिसला. खेळतेय, पाणी पितेय, लक्ष ठेवून आहोत. आता माझी खरी चिंता बाळ आणि सासूबाई. ती सगळ्यांना चाटते.

अबोली_ता

मी रुग्णालयातल्या संसर्ग नियंत्रण विभागात काम करते, म्हणून हे मी लिहिते. शेपूटवाली, कुत्री ठीक दिसत असली तरी साल्मोनेला तिच्या शीतून काही दिवस बाहेर पडू शकतो, कधी आठवडाभर आणि त्याहूनही जास्त. लाळेतूनही. धडधाकट माणसाला त्याने चार दिवस जुलाब होतील. पण केमो चालू असताना तोच जंतू रक्तात उतरू शकतो. बाळ आणि गरोदर बाई याही त्याच यादीत.

मी तुमच्या जागी असते तर निदान दोन आठवडे कुत्रीला सासूबाईंच्या खोलीत जाऊ दिलं नसतं आणि बाळाचं तोंड-हात चाटू दिले नसते. दुरावा वाटेल दोघींनाही, पण हे करा. शी लगेच उचला, उचलणारी व्यक्ती सासूबाई नकोत. नंतर साबणाने वीस सेकंद हात. तिचं खाण्याचं भांडं आणि पाण्याचं भांडं रोज गरम पाण्याने आणि साबणाने घासून कोरडं करा, भांड्याला आतून जो बुळबुळीत थर लागतो त्यात जंतू टिकून राहतात. बाळाची भांडी धुता तिथे ते धुऊ नका.

ज्या फरशीवर तिने मांस ओढलं ती आधी साबणाने, मग ब्लीचच्या पातळ द्रावणाने पुसा, वाळल्यावरच बाळाला खाली सोडा. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. बाळाला किंवा सासूबाईंना ताप, जुलाब असं काही झालं तर त्यांच्या डॉक्टरांना कुत्रीने कच्चं मांस खाल्ल्याचं न विसरता सांगा. लोक हे सांगतच नाहीत, आणि निदान लांबतं.

शेपूटवाली

ताई, हे मला कुणीच सांगितलं नसतं. सासूबाईंच्या खोलीचं दार आजपासून बंद. त्यांना वाईट वाटलं, पण पटलं.

पाणवठा

मिठाचं आता कुणाला सांगणार नाही, डॉक्टर. एक विचारतो. कच्च्या मांसाची, रक्ताची चटक लागली की कुत्रा चावरा होतो म्हणतात, ते?

पशुवैद्य_मी

त्याला आधार नाही. कच्च्या मांसाने स्वभाव बदलत नाही. पण चविष्ट वस्तू तोंडात असताना कुत्रा ती राखतो, गुरगुरतो, हिसकावून घ्यायला गेलं तर चावतो. लोक तेवढंच बघतात आणि रक्ताची चटक म्हणतात. मांस तोंडात असेल तर ओढाताण करू नका. घाईत तो सगळं अख्खं गिळतो, मग घशात अडकतं. त्याहून आवडता खाऊ थोडा लांब टाका, तो तिकडे वळला की वस्तू उचला. लहान मुलांना हे काम अजिबात सांगू नका.

उनाडपाऊस

शेवटचं एक. शेळी-मेंढीची कच्ची कलेजी आणि फुप्फुसं कुत्र्याला मिळाली तर जंताचं नेहमीचं औषध पुरतं का?

पशुवैद्य_मी

बरं झालं विचारलंत. या अवयवांत हायडॅटिडच्या, म्हणजे पट्टकृमीच्या अळ्यांच्या गाठी असू शकतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकोकस नावाची पट्टकृमी वाढते. लांबी काही मिलिमीटर, त्यामुळे शीत डोळ्यांना दिसत नाही, आणि कुत्रा आजारीही दिसत नाही. साधारण सहा आठवड्यांनी तिची अंडी शीतून पडायला लागतात. ती माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशाच गाठी वाढतात, वर्षानुवर्षं, कळतही नाही. मग ऑपरेशन. न्यूझीलंडला ही एकेकाळी मोठी डोकेदुखी होती. कच्चे अवयव घालायला मनाई आणि कुत्र्यांना नियमित औषध यावर अनेक दशकं काम करून २००२ मध्ये त्यांनी स्वतःला या रोगातून तात्पुरतं मुक्त जाहीर केलं.

सगळी जंतनाशकं या कृमीवर चालत नाहीत. औषधात प्राझिक्वांटेल आहे का ते वेष्टनावर बघा. कच्चे अवयव मिळण्याचा संभव कायम असेल, शेताजवळ किंवा कत्तलीच्या जागेजवळ राहत असाल, तर सहा आठवड्यांच्या आत ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. डोस वजनावर ठरतो, तेव्हा डॉक्टरांकडे जाण्याआधी कुत्र्याचं ताजं वजन करून घ्या. आणि औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांची शी हातमोजे घालून उचला, खोल पुरा किंवा जाळा.